चैत्राच्या उन्हात ईस्टरचा खाऊ

ईस्टरच्या खाऊत अंडे, पिल्लू, ससा, कोकरू आणि घरटे हे आकार ठरलेले आहेत. ते कशाचे करायचे हे मात्र गावाच्या हवेवर अवलंबून असते. युरोपात मार्च-एप्रिलमध्ये अजून गारवा असतो, म्हणून तिथे हे आकार चॉकलेटचे होतात. सोलापूर जिल्ह्याच्या आग्नेयेला, कर्नाटकच्या सीमेलगत असलेल्या अक्कलकोटमध्ये एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो. तिथे टेबलावर ठेवलेल्या चॉकलेटच्या सशाचे तासाभरात काय होते, हे वेगळे सांगायला नको. त्याच कोरड्या हवेत साखरेचे काम मात्र सुरेख होते: काजूची पेस्ट हाताला चिकटत नाही, साखरेची नक्षी तासाभरात वाळते, साच्यातून काढलेली साखर दगडासारखी घट्ट बसते. मुलांना घेऊन ईस्टरचा खाऊ करायचा तर या गावात साखरेची कास धरावी आणि चॉकलेटचा हट्ट सोडावा.

ईस्टर हा येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण. झावळ्यांच्या रविवारी सुरू झालेला दुःखसहनाचा सप्ताह गुड फ्रायडेला शोकाच्या टोकाला पोचतो आणि तिसऱ्या दिवशी, रविवारी पहाटे, उपासनेनंतर घराघरांत गोडधोड होते. सोलापुरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन मराठी मिशनचे काम रुजले आणि मराठीतून उपासना करणारी ख्रिस्ती कुटुंबे शहरात आणि जिल्ह्यात स्थिरावली. त्यांच्या सणाची तारीख दरवर्षी हलते, कारण ती सूर्य आणि चंद्र दोघांना धरून काढतात. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान कुठेही पडतो. मराठी पंचांगात पाहिले तर ही पौर्णिमा बहुधा चैत्राची, म्हणजे हनुमान जयंतीची असते. 2025 मध्ये हनुमान जयंती 12 एप्रिलला आणि ईस्टर 20 एप्रिलला होता. 2024 मध्ये मात्र होळीचीच पौर्णिमा मोजली गेली आणि ईस्टर पाडव्याच्या आधी, 31 मार्चला आला.

अक्कलकोटच्या लेखी चैत्र हा गर्दीचा महिना. चैत्र शुद्ध द्वितीयेला स्वामी समर्थांचा प्रकटदिन आणि चैत्र वद्य त्रयोदशीला पुण्यतिथी. स्वामींनी 1878 मध्ये याच गावात देह ठेवला. पुष्कळ वर्षी ईस्टर या दोन तिथींच्या मधे येतो. म्हणजे पाडव्याच्या साखरगाठी अजून मुलांच्या गळ्यातून पुरत्या उतरलेल्या नसतात, गच्च्यांवर शेवया आणि कुरडया वाळत असतात, आणि शाळा सकाळची असल्याने मुले दुपारी घरात मोकळी असतात. ईस्टरच्या खाऊला लागणारे बरेचसे साहित्य घरात आयतेच असते.

अंडे या सणात शिरले ते आधी स्वयंपाकघरातून. मध्ययुगीन युरोपात ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. कोंबड्यांना उपवास नसतो. उलट दिवस मोठा होऊ लागला की त्या अधिक अंडी घालतात. उपवास सुटेपर्यंत टोपल्या भरून जात, आणि ती अंडी उकडून, रंगवून वाटली जात. बंद कवच फोडून बाहेर येणारे पिल्लू हे रिकाम्या कबरीचे प्रतीक आहे, हा अर्थही त्याला जोडला गेला. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाच्या 1290 च्या हिशेबात ईस्टरसाठी 450 अंडी घेऊन ती रंगवल्याची आणि सोन्याच्या वर्खाने मढवल्याची नोंद आहे. चॉकलेटचे पोकळ अंडे त्या मानाने अगदी अलीकडचे. ब्रिटनमध्ये फ्राय कंपनीने ते 1873 मध्ये आणि कॅडबरीने 1875 मध्ये बाजारात आणले. तेव्हा चॉकलेट नसेल तर ईस्टर कसला, असे कुणी म्हणाले तर त्याला सहाशे वर्षांचा इतिहास दाखवता येतो.

चॉकलेट वितळते त्याचे कारण कोको बटर. हा स्निग्ध पदार्थ थंड होताना वेगवेगळ्या प्रकारचे स्फटिक बनवतो आणि त्यांतला चांगला, चकचकीत, कडकन तुटणारा प्रकार साधारण 34 अंशांना वितळतो. म्हणूनच चॉकलेट तोंडात विरघळते, आणि म्हणूनच अक्कलकोटच्या दुपारी ते ताटलीतही विरघळते. फ्रिजमध्ये ठेवून बाहेर काढले तर गार पृष्ठभागावर हवेतली वाफ जमते, साखर वर येते आणि पांढरट डाग पडतात. कोको बटरऐवजी वनस्पती चरबी घातलेले स्वस्त कंपाउंड चॉकलेट थोडी जास्त उष्णता सोसते, पण चाळीस अंशांपुढे तेही हात टेकते. चॉकलेटची हौस भागवायचीच असेल तर पेस्टमध्ये चमचाभर कोको पावडर मळावी. रंग येतो, वास येतो आणि वितळण्याची भीती राहत नाही.

चॉकलेटच्या जागी घ्यायची ती काजूची पेस्ट. युरोपात बदाम आणि साखर वाटून मार्झिपान करतात. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून काजू गोव्यात आणला आणि पुढे गोव्याच्या आणि मुंबईच्या ख्रिस्ती घरांत महागड्या बदामाची जागा काजूने घेतली. मुंबईच्या बेकऱ्यांत ईस्टरला मिळणारी रंगीबेरंगी मार्झिपानची अंडी बहुतेक काजूचीच असतात. गंमत अशी, की काजूकतली येणाऱ्या कोणत्याही घराला हे मार्झिपान आधीपासूनच येत असते. फक्त ते लाटून शंकरपाळ्यासारखे कापण्याऐवजी वळायचे, एवढाच फरक.

पाव किलो काजू घ्यावेत. मिक्सरमध्ये ते एकदम फिरवू नयेत. थोडे फिरवून थांबावे, पुन्हा फिरवावे. सलग फिरवले, किंवा काजू उन्हाने तापलेले असले, तर तेल सुटते आणि पिठाऐवजी लोणी हाती लागते. एप्रिलमध्ये काजू आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून, काढल्यावर पुसून मग दळणे शहाणपणाचे. पूड चाळून घ्यावी. सव्वाशे ग्रॅम साखर आणि पाव वाटी पाणी यांचा एकतारी पाक करावा, गॅस बारीक करून त्यात पूड घालावी आणि मिश्रण कढईच्या कडा सोडू लागेपर्यंत हलवावे. साधारण चार-पाच मिनिटे पुरतात. जास्त शिजले तर गोळा कोरडा पडतो आणि वळताना त्याला भेगा जातात. तसे झालेच तर दुधाचा हात लावून मळावे.

इथपर्यंतचे काम मोठ्या माणसाचे. उकळता पाक पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो आणि कातडीला चिकटून राहतो, त्यामुळे त्याचा चटका खोल जातो. गॅस बंद होऊन गोळा कोमट झाला की मुलांना बोलवावे. हाताला तूप लावून तो गुळगुळीत होईपर्यंत मळणे हे तीन-चार वर्षांच्या मुलालाही जमते आणि आवडते. एवढ्या पेस्टची पंधरा-पंधरा ग्रॅमची, म्हणजे मोठ्या बोराएवढी, पंचवीसच्या आसपास अंडी होतात. गोळा आधी तळहातांत गोल करून मग एका बाजूला जरा जास्त दाबून फिरवला की निमुळते टोक येते. सगळी अंडी सारखी झाली पाहिजेत असा आग्रह धरला की मुले कंटाळतात आणि मग आयाच वळत बसतात. कोंबडीचीही सगळी अंडी सारखी नसतात.

ज्यांना काजू परवडत नाही किंवा नको, त्यांच्यासाठी सोलापूरकडे शेंगदाणा आहे. ज्या जिल्ह्याची शेंगाचटणी सर्वदूर जाते, तिथे दाण्याचे ईस्टर अंडे व्हायलाच हवे. भाजून, सोलून, जपून कुटलेले दाणे आणि तितकाच पाक. काजूपेक्षा तेल लवकर सुटते, म्हणून कूट जरा भरड ठेवावा. हा गोळा पांढरा होत नाही, फिकट तपकिरी राहतो. त्याचा दोष मानायचे कारण नाही, कारण हा रंग टिटवीच्या अंड्याचा आहे. टिटवी उघड्या माळावर, खडे मांडून केलेल्या खळग्यात, तीन-चार अंडी घालते आणि तिचा विणीचा हंगाम मार्चपासूनच सुरू होतो. मातकट रंगावर काळे-तपकिरी शिंतोडे, असे ते अंडे असते. चमचाभर कोको पावडर पाण्यात कालवून, स्वच्छ नव्या टूथब्रशने तिचे शिंतोडे दाण्याच्या अंड्यांवर उडवले की हुबेहूब टिटवीची अंडी तयार होतात. शिंतोडे टेबलावर, कपड्यांवर आणि धाकट्या भावंडावरही उडतात. खाली वर्तमानपत्र अंथरावे.

टिटवीचा आणि ईस्टरच्या सशाचा जुना संबंध सांगतात. अंडी आणणारा ससा ही जर्मन भाषक मुलखातली समजूत. ती सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लेखी सापडते. ससा अंडी कशी घालेल, या प्रश्नाचे एक नेहमी दिले जाणारे उत्तर असे: रानससा बीळ करत नाही, गवतात खळगा करून बसतो, आणि टिटवीच्या जातीचे पक्षीही जमिनीवरच्या तशाच खळग्यात अंडी घालतात. ससा उठून पळाला आणि जवळ अंडी दिसली, की लोकांनी दोहोंची सांगड घातली. अक्कलकोटच्या मुलाला हे उत्तर पटण्यासारखे आहे. त्याच्या भोवतालच्या माळावर ससाही आहे आणि टिटवीही. हा ससा चित्रातल्यासारखा पांढराशुभ्र नसतो. तो तांबूस-करडा आणि लांब कानांचा असतो. दाण्याच्या पेस्टचा ससा म्हणूनच जास्त खरा दिसतो. एक मोठी गोळी अंगाची, एक लहान डोक्याची, दोन बदामाचे काप कानांना आणि दोन तीळ डोळ्यांना, एवढ्यात तो होतो.

कोकरू हा या सणाचा अंड्याहूनही जुना आकार. येशूला देवाचे कोकरू म्हटले जाते आणि युरोपात कोकराच्या आकाराचे केक आणि साखरेचे कोकरू ईस्टरला करतात. ते पांढरे, गुबगुबीत, कापसाच्या पुंजक्यासारखे असते. सोलापूर-सांगलीकडच्या मुलांनी पाहिलेली मेंढरे निराळी. जतकडची माडग्याळ मेंढी उंच, पांढऱ्या अंगावर तपकिरी डागांची आणि पोपटाच्या चोचीसारख्या बाकदार नाकाची. दख्खनी मेंढी बहुधा काळी. काजूच्या कोकराचे नाक जरा फुगवून खाली वळवले आणि अंगावर कोकोचे दोन डाग दिले, तर ते कोकरू ओळखीचे होते. लोकरीसाठी त्याला दुधाचा हात लावून सुक्या खोबऱ्याच्या किसात लोळवावे. पिल्लू सर्वांत सोपे: केशराच्या दुधाने पिवळे केलेल्या दोन गोळ्या, चोचीला चारोळी, डोळ्यांना खसखशीचे काळे दाणे मिळाले तर ते, नाहीतर काळे तीळ. पुष्कळजण देठ किंवा चोच म्हणून लवंग टोचतात. दिसते छान, पण लहान मूल ती तशीच चावते आणि मग सणाला रडारड होते.

रंगांच्या बाबतीत थोडे कडक असावे. भारतात खाद्यपदार्थांत वापरायला आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि त्यांचेही प्रमाण ठरवून दिलेले आहे. विकत घ्यायचा तर बंद डबीतला, परवाना क्रमांक छापलेला रंग घ्यावा आणि टाचणीच्या टोकावर मावेल इतकाच वापरावा. सुट्या पुडीतला रंग नको. होळी-रंगपंचमी नुकतीच झालेली असते आणि उरलेल्या पुड्या मुलांच्या हाताशी असतात. त्या आधीच घराबाहेर काढाव्यात. घरचे रंग मात्र पुष्कळ आहेत. बिटाचा रस वाटीत आटवून दाट केला की गुलाबी मिळतो. न आटवता घातला तर पेस्ट पातळ होते. पिस्त्याची पूड हिरवा देते, केशर पिवळा, कोको तपकिरी. हळदीनेही पिवळा येतो, पण चिमूट जरा मोठी झाली की अंडे पिठल्यासारखे लागते.

निळा रंग घरात मिळत नाही, असे वाटत असते. तो कुंपणावर असतो. गोकर्णीची निळी फुले देठ काढून, धुऊन, थोड्या गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवली की पाणी गर्द निळे होते. शंभर ग्रॅम पिठीसाखरेत या पाण्याचे तीन चमचे घालून घोटले की वर नक्षी काढायला निळे आयसिंग तयार होते. त्यातला अर्धा भाग वेगळा काढून लिंबाचे दोन-चार थेंब टाकावेत: निळ्याचा जांभळा होतो. फुलातले रंगद्रव्य आंबट द्रवात आपली छटा बदलते, एवढेच ते शास्त्र, पण आठ वर्षांच्या मुलाला ही जादू पुन्हा पुन्हा करून बघायची असते. म्हणून लिंबू एकच द्यावे. युरोपी पद्धतीच्या आयसिंगमध्ये कच्च्या अंड्याचा पांढरा भाग घालतात. मुलांच्या खाऊत आणि या उन्हाळ्यात तो टाळलेलाच बरा. दूध, पाणी किंवा लिंबाचा रस यांनी काम पूर्ण भागते. बटर पेपरचा मेंदीच्या कोनासारखा कोन वळून त्यात आयसिंग भरावे. ज्या मुलींनी मेंदी काढून पाहिली आहे त्यांना हे शिकवावे लागत नाही. वेली, ठिपके, कोयऱ्या आपोआप अंड्यावर उतरतात. नक्षी वाळेपर्यंत ताट जाळीखाली ठेवावे.

घरट्याला शेवया. उन्हाळ्यात केलेल्या शेवयांचा चुरा डब्याच्या तळाशी उरतोच. पायसाला तो कामाचा नसला तरी घरट्याला उत्तम. दोन वाट्या शेवया तुपावर तांबूस भाजाव्यात. जाड बुडाच्या कढईत अर्धी वाटी गूळ एक चमचा तूप आणि दोन चमचे पाणी घालून वितळवावा आणि पाकाचा थेंब गार पाण्यात टाकल्यावर मऊ गोळी झाली की शेवया त्यात घोळवाव्यात. हे मिश्रण गरम असतानाच आकार घेते, त्यामुळे तूप लावलेल्या आमटीच्या वाटीत ते घालणे आणि चमच्याने मधे खळगा दाबणे मोठ्यांनी करावे. पाच-सात मिनिटांनी वाटी उपडी केली की घरटे सुटते. गुळाऐवजी कंडेन्स्ड मिल्क वापरले तर मिश्रण कमी तापवावे लागते, दाबायचे कामही मुले करू शकतात, पण घरटे मऊ राहते. आत तीन अंडी मांडायची ती मुलांनी. टिटवीची अंडी मात्र या घरट्यात ठेवू नयेत, असे एखादे चिकित्सक मूल सांगते, आणि ते बरोबर असते. तिच्यासाठी ताटलीत खडीसाखरेचे खडे पसरावेत.

गॅस मुळीच न लावता करता येणारा प्रकार म्हणजे साच्यातली साखर. साखरगाठी करणारे कारागीर साखरेचा पाक लाकडी साच्यात ओततात, आत दोरा ठेवलेला असतो, आणि पाक गार होऊन घट्ट झाला की माळ बाहेर निघते. तो उकळत्या पाकाचा खेळ घरी मुलांबरोबर करू नये. पण हाच परिणाम ओल्या साखरेने मिळतो. एक वाटी साखर मिक्सरमध्ये दोनदा फिरवून बारीक रव्यासारखी करावी. पीठ होऊ देऊ नये. तिच्यात चमचाभर पाणी शिंपडून बोटांनी चोळावे. मुठीत दाबल्यावर मूद टिकली पाहिजे, ओल्या वाळूसारखी. नदीकाठी वाळूची घरे केलेल्या मुलांना हा अंदाज मोठ्यांपेक्षा लवकर येतो. ही साखर खोलगट चमच्यात किंवा मोदकाच्या साच्याच्या एका अर्ध्यात गच्च दाबून भरावी, वर सुरीने सपाट करावी आणि ताटावर उपडी करावी. पाणी सुकताना साखरेच्या कणांवरचा पातळ पाक पुन्हा स्फटिक बनतो आणि कण एकमेकांना चिकटतात. कोकणात, दमट हवेत, याला दोन दिवस लागतात आणि तरी भरवसा नसतो. अक्कलकोटच्या एप्रिलमध्ये सकाळी केलेली अर्धी अंडी संध्याकाळपर्यंत खणखणीत होतात. दोन अर्धे दाट आयसिंगने जोडले की पूर्ण अंडे. जोडण्यापूर्वी चमच्याने आतली अजून दमट साखर कोरून काढली आणि पोकळीत रंगीत बडीशेप भरली, तर हलवल्यावर ते खुळखुळ्यासारखे वाजते.

या प्रकारात शत्रू एकच, मुंग्या. ताट पाणी भरलेल्या परातीत वाटीवर ठेवावे. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची संख्या राज्यात आघाडीवर आहे, आणि मुंग्यांनाही ते माहीत असावे.

अंडी खाणाऱ्या घरांत खरी अंडीही रंगवता येतात, आणि त्यासाठी लागणारा सर्वांत चांगला रंग फुकट मिळतो. सोलापूरची बाजार समिती कांद्याच्या मोठ्या बाजारपेठांपैकी एक आहे, घरोघरी कांद्याची टरफले रोज केरात जातात. पूर्व युरोपात पिढ्यान्‌पिढ्या ईस्टरची अंडी याच टरफलांत रंगवली जातात. आठ-दहा कांद्यांची कोरडी टरफले एक लिटर पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे उकळून गाळावीत, पाणी निवल्यावर दोन मोठे चमचे व्हिनेगर घालावे. व्हिनेगर कवचातल्या कॅल्शियम कार्बोनेटवर किंचित काम करते, बारीक बुडबुडे दिसतात, आणि खडबडीत झालेल्या कवचावर रंग चांगला धरतो. अंडी या पाण्यात ठेवून मंद आचेवर दहा-बारा मिनिटे उकळावीत. पांढऱ्या अंड्यांवर विटकरी ते गर्द तांबूस रंग चढतो. भारतातल्या पोल्ट्रीत पांढरी अंडीच जास्त असल्याने ती मुद्दाम शोधावी लागत नाहीत.

यातली खरी मौज पानाची. कोथिंबिरीचे किंवा शेवग्याचे एक ओले पान अंड्यावर चिकटवावे, मलमलच्या जुन्या तुकड्यात अंडे घट्ट गुंडाळून दोऱ्याने बांधावे आणि मग रंगात सोडावे. पान झाकते तिथे रंग पोचत नाही. गार झाल्यावर पुरचुंडी सोडली की तांबूस कवचावर पानाची पांढरी आकृती उमटलेली असते. बांधणे सैल झाले तर रंग आत झिरपून आकृती पुसट येते. बांधायचे काम थोरल्या मुलाला द्यावे. दुसरी रीत मेणाची. उकडलेल्या गार अंड्यावर पांढऱ्या मेणबत्तीने काहीही काढावे आणि बिटाच्या किंवा हळदीच्या, व्हिनेगर घातलेल्या गार पाण्यात बुडवून ठेवावे. मेणाखालचा भाग कोरा राहतो. युक्रेनमधली पिसांका नावाची प्रसिद्ध नक्षीदार अंडी याच तत्त्वावर, मेणाचे थर चढवत केली जातात. गरम रंग इथे चालत नाही, मेण वितळते. वाळलेल्या अंड्याला तेलाचे बोट फिरवले की चकाकी येते.

उकडलेल्या अंड्याला या हवामानात फार काळ बाहेर ठेवता येत नाही. पारा 32 अंशांच्या वर असताना एक तास ही सुरक्षित मर्यादा मानली जाते. अंडी लपवून मुलांनी शोधायची, हा ईस्टरचा खेळ अंगणात खेळायचा तर काजूची किंवा साखरेची अंडी कागदात गुंडाळून लपवावीत आणि उकडलेली फ्रिजमध्ये राहू द्यावीत. तिथे ती आठवडाभर टिकतात. लपवलेली अंडी मोजून ठेवावीत; कुंड्यांमागे विसरलेले साखरेचे अंडे दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग शोधून देते, उकडलेले अंडे चार दिवसांनी वास शोधून देतो.

एका दुपारी सगळे प्रकार करायला घेऊ नयेत. मुलांचे लक्ष पाऊण तास टिकते, फार तर एक तास. शुक्रवारी घर शांत असते, शनिवारी सकाळी साखरेचे साचे भरावेत, दुपारी काजू मळावा, संध्याकाळी ऊन उतरल्यावर नक्षी काढावी. चार वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे, चारोळ्या किंवा कडक साखरेच्या बारीक गोळ्या देऊ नयेत, घशात अडकण्याची भीती असते. शेंगदाण्याची किंवा काजूची अ‍ॅलर्जी असलेले मूल शेजारात असेल तर त्याच्या डब्यात ओल्या साखरेचे अंडेच घालावे. ते दाण्यांच्या आधी आणि धुतलेल्या भांड्यांत करावे.

डबे भरताना काजूच्या अंड्याचा आणखी एक गुण कळतो. अक्कलकोटच्या आळीत शेजार मिश्र असतो. कुणी अंडे खाते, कुणी शिवत नाही, कुणाचा चैत्रातला वार किंवा उपवास असतो. ज्यात अंड्याचा अंशही नाही असे अंडे कोणत्याही उंबरठ्यावर चालते, आणि त्याबरोबर मुलाने आपण काय काय घातले ते सांगितले की यजमानीणबाईंची शंकाही फिटते. दाण्याचे आणि काजूचे आकार घट्ट झाकणाच्या डब्यात, थरांमधे बटर पेपर घालून ठेवावेत. बाहेर ते तीन-चार दिवस आणि फ्रिजमध्ये दहा-बारा दिवस चांगले राहतात. दूध घालून मळले असतील तर मात्र दोन दिवसांत संपवावेत. शेवयांची घरटी आठवडाभर कुरकुरीत राहतात. ओल्या साखरेची अंडी कोरड्या हवेत महिनोन् महिने टिकतात, पण पहिल्या वळवाच्या सरीनंतर त्यांना पाणी सुटू लागते, म्हणून ती मेअखेरच्या आत चहात विरघळवून संपवावीत.